बिनआवाजाच्या बाई

आमच्या सातवी ब च्या वर्गाला चार भिंती होत्या, पण त्यातली एक आमची नव्हती. ती पलीकडच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्याची होती. धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीतली शाळा ती, तिथे शाळेला भिंत मिळाली हेच खूप. सकाळी प्रार्थना संपून आम्ही वर्गात येऊन बसलो की बाक थरथरायचे, खडू टेबलावरून आपोआप चालत कडेला जायचा आणि खाली पडायचा. खटाखट, खटाखट, दिवसभर. शुक्रवारी लूमना सुट्टी असायची. त्या दिवशी वर्गात इतकी शांतता व्हायची की आम्हाला झोप यायची.

मी अंजूरची. म्हणजे खाडीकडची. आमच्याकडे भातशेती होती आणि तिच्यातल्या अर्ध्या जागेवर नुकतंच गोदाम उभं राहिलं होतं. रोज सकाळी शेअर रिक्षात चौथी सीट म्हणून रिक्षावाल्याच्या बाजूला अर्धी लटकत मी भिवंडीला यायचे. गावात आमच्याकडे आवाज म्हणजे बगळ्यांचा नाहीतर आमच्या आत्याचा. त्यामुळे पहिल्या दिवशी या वर्गात बसले तेव्हा मला वाटलं, भिंत पडतेय. मी पाटी-दप्तर घेऊन दाराकडे पळाले. सगळा वर्ग हसला. माझ्या बाकावर बसलेली मुलगी तर पोट धरून हसली. तिचे वडील लूम चालवायचे, आई तिथेच कांड्यांवर सूत भरायची, आणि हिचा जन्मही बहुधा त्याच खटाखटीत झाला असावा. तिच्याशी माझी मैत्री झाली ती, हसल्याबद्दल मी तिला चिमटा काढल्यानंतर.

तर त्या वर्षी आम्हाला ज्या वर्गशिक्षिका मिळाल्या, त्या घाटावरून आलेल्या. नव्या-नव्या शिक्षणसेविका. तीन वर्षं नीट काढली, तपासणीला येणाऱ्या साहेबांचा शेरा चांगला आला, की कायम होणार. नाहीतर घरी. त्यांची पहिली दोन वर्षं शाळेच्या पलीकडच्या अंगाला चौथीवर गेली होती, तिथे लूमचा आवाज पोचत नसे. तिसऱ्या वर्षी त्यांना आमच्या वर्गात टाकलं. बिचाऱ्यांचा आवाज म्हणजे देवघरात बोलतात तसा. त्यांनी पहिल्या दिवशी आपलं नाव सांगितलं ते पहिल्या बाकालासुद्धा कळलं नाही.

जून महिना त्या ओरडल्या. जुलैमध्ये त्या ओरडल्यासारखं करत होत्या. ऑगस्टमध्ये त्यांचा घसा असा बसला की हजेरी घ्यायला मॉनिटर लागला. आम्हाला काय, मजाच. आम्ही मागे फुल्ली-गोळा खेळायचो, खिडकीतून चिंचा पाडायचो. घटक चाचणीत मला गणितात वीसपैकी तीन मार्क पडले, आणि त्यातला एक स्वच्छ अक्षराचा होता.

एके दिवशी बाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या, तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. डोळ्यांत मात्र पाणी आलं. वर्ग एकदम गप्प झाला. म्हणजे लूम चालूच होते, पण आम्ही गप्प झालो. तेव्हा माझी बाकवाली उठली, पुढे गेली आणि बाईंच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "बाई, आवाज कायको काढता? नुसते ओठ हलवा ना! आमच्याकडे सगळे तसंच बोलतात!"

बाईंना काही कळेना. मग तिने करून दाखवलं. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाकडे वळून तिने नुसते ओठ हलवले. त्याने तिथूनच ओठ हलवून उत्तर दिलं आणि वर हाताने खूण केली. निम्मा वर्ग खिदळला. आम्ही गावाकडचे बारा-तेरा जण माठासारखे बघत राहिलो. मग तिने सगळ्यांना सांगितलं, की मी त्याला विचारलं डब्यात काय आहे, तो म्हणाला अंडं, पण तुला देणार नाही.

लूमवर हे असंच असतं. शंभर माग एका वेळी धडधडत असताना कोण कुणाचं ऐकणार? तिथे माणसं बोलतात ती ओठांनी आणि हातांनी. धागा तुटला, चहा आला, शेठ आला, पळ... सगळं बिनआवाजाचं. त्यांची मुलं बोलायला शिकायच्या आधी ओठ वाचायला शिकत असतील, देव जाणे. आणि एवढी वर्षं ही विद्या वर्गात फक्त टवाळक्या करायला वापरली जात होती!

बाईंनी दुसऱ्या दिवसापासून तसंच सुरू केलं. आवाज बंद. ओठ स्वच्छ, सावकाश, गोल-गोल. लूमवाल्या मुलांना ते लगेच समजलं. आम्हा गाववाल्यांना त्यांच्या शेजारी बसवण्यात आलं. माझी बाकवाली माझी मास्तरीण झाली आणि तिने माझा जीव नको केला. मी वर्गात सगळ्यात मठ्ठ. 'पान' आणि 'मान' ओठांवर सारखेच दिसतात, मग कुठलं ते मागचापुढचा विषय बघून ठरवायचं, आणि मला मागचाही विषय कळलेला नसायचा. ती कपाळावर हात मारायची. "ए येडी, डोळे उघडे ठेव फक्त. कान तुझे घरी ठेवून ये."

घरी मी सराव करायचे. आरशासमोर उभी राहून तोंड वेंगाडायचे. एकदा आईने बघितलं. तिने वडलांना हाक मारली. वडील आले, माझ्याकडे बघून म्हणाले, "काय गो, दातखिळी बसली कं काय? बोल ना!" मी नुसते ओठ हलवून म्हणाले, मला काही झालं न्हाय. झालं! आईने मीठमिरच्या आणल्या आणि माझ्यावरून सात वेळा ओवाळून चुलीत टाकल्या. तिचा अजूनही विश्वास आहे की त्यामुळेच माझी वाचा परत आली.

पण यातून एक चमत्कार झाला, आणि तो कुणी ठरवून केला नव्हता. ओठ वाचायचे तर बघावं लागतं. खिडकीबाहेर बघितलं की गणित हुकलं. मान खाली घालून फुल्ली-गोळा खेळलं की इतिहास हुकला. चाळीस पोरं, जन्मात कधी फळ्याकडे न बघितलेली, बाईंच्या तोंडाकडे टक लावून बसायला लागली. सहामाहीला मला गणितात निम्म्याहून जास्त मार्क पडले. वडलांनी प्रगतिपुस्तक उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "हे आपलाच हाय ना?"

आता जिथे तिथे पोरांची अक्कल चालणारच. सहामाहीच्या पहिल्या पेपरला वर्गात, लूम बंद असते तर टाचणी पडलेली ऐकू आली असती, अशी शिस्त होती, आणि उत्तरं मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत वाऱ्यासारखी पळत होती. ओठांनी! बाई घाटावरच्या असल्या तरी खुळ्या नव्हत्या. दुसऱ्या पेपरपासून त्यांनी नियम काढला, परीक्षेत प्रत्येकाने तोंडाला रुमाल बांधायचा. नाकाच्या खालून, मागे गाठ. मुख्याध्यापक फेरीवर आले तर समोर चाळीस दरोडेखोर बसून भागाकार करतायत. सर दारातच थबकले. "बाई, साथ-बिथ आली काय?" म्हणून त्यांनी स्वतःचाही रुमाल काढला.

आणि याच विद्येमुळे आम्हाला बाईंची ती गोष्ट कळली, जी आम्हाला कळायला नको होती.

मधल्या सुट्टीत बाई मैदानाच्या पलीकडे, पाण्याच्या टाकीजवळ दुसऱ्या एका बाईंशी बोलत उभ्या होत्या. आमच्यापासून चांगल्या लांब. माझी बाकवाली चिंच चघळत त्यांच्याकडे बघत होती. बघता बघता तिचं चघळणं थांबलं. "काय म्हणतायत?" मी विचारलं. तिने मला एकेक वाक्य सांगितलं. बाई म्हणत होत्या, या वर्षी तपासणीत शेरा वाईट आला तर मी कायम होत नाही. वडील म्हणालेत, बस झालं आता, मे महिन्यात टेम्पो घेऊन येतो, सामान भरायचं आणि यायचं. मला जायचं नाही गं. मला इथेच शिकवायचंय.

तिने चिंच थुंकून टाकली. मला तर इतका राग आला त्या टेम्पोचा! अंजूरला रोज शंभर टेम्पो बघायचे मी, त्या दिवसापासून प्रत्येक टेम्पोला मनातल्या मनात शिव्या घालायला लागले.

तपासणीला साहेब दर वर्षी शुक्रवारी यायचे. म्हणजे आमचे मुख्याध्यापकच हातापाया पडून शुक्रवार ठरवून घ्यायचे, लूम बंद असतात म्हणून. त्या वर्षी साहेब बदलले होते. नवे साहेब न सांगता, सरळ बुधवारी आले.

आम्ही गणितात होतो. लूम जोरात होते. बाई शाब्दिक उदाहरण सांगत होत्या, अर्थात ओठांनी, आणि आम्ही लिहून घेत होतो. दारातून मुख्याध्यापक आत आले, त्यांच्या मागे एक जाडजूड गृहस्थ, काखेत फाइल, आणि तोंडावर अशा भरगच्च मिशा की वरचा ओठ पार पडद्याआड. बाई त्यांच्याकडे वळल्या. त्यांनी आवाज काढायचा प्रयत्न केला असावा, पण इतक्या महिन्यांची सवय. साहेबांनी 'चालू द्या' अशी खूण केली आणि ते मागे जाऊन उभे राहिले. त्या गोंगाटात त्यांना काय कळणार होतं? त्यांना वाटलं, बाई बोलतायत आणि आपल्याला लूममुळे ऐकू येत नाही. सगळं सुखरूप पार पडलं असतं.

आणि लाइट गेली.

भिवंडीत तेव्हा लाइट जाणं म्हणजे काही बातमी नव्हती. पण जायची वेळ बघा! एकेक करत सगळे लूम थांबले. वर्गात स्मशानशांतता पसरली. आणि बाई, डोळे पुस्तकात, ओठ हलवतच राहिल्या. सवय हो! आमचीही पेनं चालतच राहिली. समोर एक बाई गप्प उभ्या, आणि चाळीस मुलं त्या गप्प बाईंचं बोलणं उतरवून घेतायत. साहेबांनी कानात करंगळी घालून गदागदा हलवली. मग दुसऱ्या कानात घातली. मग मुख्याध्यापकांकडे बघितलं. मुख्याध्यापक छताकडे बघत होते.

"बाई," साहेब म्हणाले, "तुम्ही आत्ता काय करत होतात?"

बाई दचकल्या. त्यांच्या तोंडून कसाबसा बारीक आवाज आला. "गणित... शिकवत होते, साहेब."

"कुणाला?"

साहेबांनी पहिल्या बाकावरची वही उचलली, उदाहरण वाचलं, दुसरी वही उचलली, तिच्यात तेच उदाहरण. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. वही ठेवून ते मुख्याध्यापकांना घेऊन व्हरांड्यात गेले. खिडकीच्या गजांपलीकडे उभे राहून खालच्या आवाजात बोलायला लागले. बाई आमच्याकडे तोंड करून उभ्या होत्या, खिडकीकडे त्यांची पाठ होती.

आमची मात्र तोंडं खिडकीकडेच होती.

मला मिशांमुळे एक अक्षर दिसेना. पण माझ्या बाकवालीला मिशा आड येत नसत. कारखान्यातल्या निम्म्या लोकांना दाढ्या होत्या, ती गालांवरून आणि हनुवटीवरून वाचायची. तिने बाकाखालून माझा हात घट्ट धरला आणि एकेक शब्द ओठांनी मला दिला. साहेब म्हणत होते, हे सगळं आधी लिहून घेतलंय. निव्वळ धूळफेक. मी आयुष्यात अशी तपासणी बघितली नाही. या बाईंना कायम करा म्हणून मी लिहू? माझा शेरा गेला की या घरी.

माझ्या डोळ्यांसमोर तो टेम्पो आला. माझं तोंड तसंही कधी माझ्या ताब्यात नव्हतं. मी ताडकन उठून उभी राहिले आणि ओरडले, "आधी नाय लिहून घेतलं, साहेब! आत्ताच लिहिलंय!"

साहेब गर्रकन वळले. मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले. साहेब खिडकीशी आले. "माझं बोलणं चोरून ऐकत होतीस?"

"ऐकलं नाय साहेब. बघितलं."

आता मागे फिरणं नव्हतं. सगळा वर्ग एकदम बोलायला लागला, म्हणजे ओरडायला लागला, कारण आम्हाला हळू बोलायची सवयच नव्हती. लूमवर असं असतं, बाईंचा घसा गेला, आम्ही ओठ बघतो... साहेबांनी हात वर केला. त्यांना ते खरं वाटलं नाही, पण मजा वाटली असावी. ते तरातरा मैदानात गेले, थेट पाण्याच्या टाकीपर्यंत. तिथून त्यांनी ओठ हलवले. माझ्या बाकवालीने मान हलवली, आणि लूमवाली सगळी पोरं लूमवाल्या पट्टीत एका सुरात ओरडली, "सतरा नव्वे एकशे त्रेपन्न!"

टाकीवरची कबुतरं उडाली. साहेबांची फाइल हातातून पडली. फाइल उचलून ते मुख्याध्यापकांकडे वळले, तोंडावर हात आडवा धरून काहीतरी पुटपुटले. पण हात नीट बसला नव्हता.

"सर, चहा मागवा!" सगळा वर्ग ओरडला. शिपाई धावतच चहाला गेला.

साहेब आत आले तेव्हा हसत होते. आम्हालाही वाटलं, जिंकलो. पण माणूस पक्का होता. खुर्चीवर बसून ते म्हणाले, "ही लूमवाल्यांची मुलं. त्यांना हे घरचंच. पण ज्यांच्या घरी लूम नाही, त्यांचं काय? त्यांचं वर्ष वाया गेलं की नाही? अशातलं एखादं मूल मला दाखवा. सगळ्यात कच्चं."

आणि एकोणचाळीस बोटं माझ्याकडे वळली. मैत्रिणीचंसुद्धा!

मला उभं केलं. साहेब पुन्हा मैदानात टाकीशी गेले. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, पांढऱ्याफटक. मी मनात म्हटलं, बाकवाली आहे ना, ती सांगेल. मी हळूच तिच्याकडे बघितलं. तिने खिशातून रुमाल काढला होता आणि ती तो तोंडाला बांधत होती. तिच्या मागची मुलगी बांधत होती. सगळा वर्ग रुमाल बांधत होता. परीक्षा म्हणजे रुमाल, हा बाईंचा नियम. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. मी चडफडले. म्हटलं, मेल्यांनो, आज नेमकी शिस्त आठवली तुम्हाला!

साहेबांनी लांबून हे बघितलं. मग त्यांनी ओठ हलवले.

मिशा. नुसत्या मिशा हलताना दिसल्या. पुन्हा हलल्या. काही नाही. सगळा वर्ग रुमालामागून माझ्याकडे बघतोय, बाई बघतायत, आणि मला दिसतोय फक्त तो टेम्पो, त्यात बाईंची ट्रंक, बाईंची गादी.

"साहेब!" मी खिडकीतून ओरडले. "मिशा वर करा!"

मुख्याध्यापकांच्या घशातून कसलातरी आवाज आला. मग साहेबांनी फाइल काखेत मारली, आणि दोन्ही हातांच्या चिमटीत दोन्ही मिशा धरून वर उचलल्या. एवढा मोठा अधिकारी, भर मैदानात, भर उन्हात. आणि खाली ओठ दिसला. गोरापान, कधी ऊन न बघितलेला.

मी कान घरी ठेवले आणि डोळे उघडे ठेवले. एका गोदामात चोवीस रांगा आहेत. प्रत्येक रांगेत पस्तीस खोकी. पावसाने चाळीस खोकी भिजली. किती उरली?

गोदाम! अहो, गोदाम तर माझ्या घरामागे होतं! मी फळ्याकडे धावले. प्रश्न मोठ्याने म्हणत म्हणत लिहिला, खालपर्यंत गुणाकार केला, चाळीस वजा केले. आठशे. दोनदा रेघ मारली. एवढ्या जोरात की खडू तुटला. मग खिडकीशी येऊन ओरडले, "आठशे, साहेब! आणि आमच्या बाईंचं तुमच्यापेक्षा खूप स्पष्ट दिसतं!"

साहेबांनी मिशा सोडल्या. ते आत आलेच नाहीत. मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन बसले, शेरेबुक मागवलं, चहा प्यायले आणि गेले. तेवढ्यात लाइट आली. भिंतीपलीकडून खटाखट सुरू झाली, बाक थरथरायला लागले, आणि खडूचा तुटलेला तुकडा चालत चालत खाली पडला.

मुख्याध्यापक शेरेबुक उघडं धरून दारात आले. आमच्याकडे पाठ करून त्यांनी ते बाईंना दाखवलं. पुढे मॉनिटरने ते चोरून वाचलं तेव्हा कळलं, त्यात तीन ओळी होत्या. अध्यापन प्रभावी आहे. कायम करण्यास हरकत नाही. वर्गातील मुलांनी आवाज कमी करावा. पण त्या वेळी आम्हाला दिसत होती फक्त सरांची पाठ, आणि तिच्यामागे अर्ध्याहून जास्त झाकलेल्या बाई. आम्हाला काहीच वाचता येईना. मी इतकी कासावीस कधी झाले नव्हते.

सर गेले. शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात येऊन ओरडले, "बाई, काय झालं? पोरं का बोंबलत होती?" बाईंनी त्यांच्याकडे बघून ओठ हलवले. गुरुजींनी कानामागे हात धरला. त्यांना कुठून कळणार? बाकवालीच्या रुमालाची निरगाठ बसली होती, ती मान खाली घालून तिच्याशी झटत होती.

त्या वर्षात पहिल्यांदा मी तिच्याआधी वाचलं. मी तिची मान धरून वर केली आणि ओठ हलवून सांगितलं, बाई म्हणाल्या, मी राहिले.